क्रूशियलची ३२०० ची रॅम, जुन्या २६६६ च्या जोडीला

माझ्या संगणकात इंटेलचा आय-५ ९४०० प्रोसेसर आणि एच३१० चिपसेटचा मदरबोर्ड असून त्यावर २६६६ वेगाची (म्हणजे सेकंदाला २६६६ दशलक्ष वेळा माहिती पाठवणारी) ८ जीबीची एकच डीडीआर४ रॅम होती. दिवाळी अंकाच्या मांडणीचे काम करताना, म्हणजे दोनशे पानांची फाइल, जाहिरातींची मोठी चित्रे आणि सोबत ब्राउझर उघडा असताना, पान सरकवले की पडदा काही क्षण अडून बसायचा. म्हणून क्रूशियलची ८ जीबी, ३२०० वेगाची साधी डेस्कटॉप रॅम घेतली. त्याआधी पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या एका दुकानात मला सांगण्यात आले होते की वेगवेगळ्या वेगाच्या रॅम एकत्र चालतच नाहीत, तेव्हा जुनी काढून टाका आणि दोन्ही नव्या घ्या. हा सल्ला चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक चांगली चालती रॅम अडगळीत टाकतात याचे मला मनापासून वाईट वाटते.

प्रत्येक रॅमवर एसपीडी नावाची एक छोटी चिप असते आणि ती रॅम कोणत्या वेगाला, किती सीएलवर (माहिती मागितल्यापासून ती मिळेपर्यंत लागणारे ठोके) व किती व्होल्टवर चालू शकते याची नोंद तिच्यात असते. संगणक सुरू होताना बायॉस, म्हणजे मदरबोर्डवरचा सुरुवातीचा प्रोग्रॅम, या नोंदी वाचतो आणि प्रोसेसर, मदरबोर्ड व दोन्ही रॅम अशा सगळ्यांना झेपेल तो वेग ठरवतो. माझ्याकडे तो २६६६ ठरला. नवी रॅम ३२०० वर सीएल २२ ची आहे, पण २६६६ वर ती सीएल १९ ने चालते, आणि जुनीही सीएल १९ चीच असल्यामुळे दोघींचे नीट जुळले. दोन्ही १.२ व्होल्टच्या आहेत, हेही महत्त्वाचे.

बसवताना मात्र एक अडचण आली. पहिल्यांदा संगणक सुरू केला तेव्हा पडदा काळाच राहिला आणि नुसते बीप ऐकू आले. कॅबिनेट उघडून टॉर्च मारल्यावर दिसले की रॅमच्या एका टोकाला सोनेरी पट्ट्यांची बारीक कड स्लॉटबाहेर राहिली आहे. रॅम काढून, दोन्ही टोकांवर सारखा जोर देऊन, क्लिप खट्कन बसेपर्यंत दाबली आणि विंडोज सुरळीत सुरू झाले.

सीपीयू-झेड या माहिती दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आता ड्युअल चॅनेल (दोन्ही रॅम दोन वेगळ्या वाटांनी एकाच वेळी चालणे) दिसते आणि फ्रीक्वेन्सी १३३० मेगाहर्ट्झच्या आसपास दिसते. हा आकडा पाहून घाबरू नये. डीडीआर रॅम प्रत्येक ठोक्याला दोनदा माहिती पाठवते, त्यामुळे तो दुप्पट करून वाचायचा. खरा फायदा ड्युअल चॅनेलचा आहे. एका रॅमवर सेकंदाला जास्तीत जास्त २१.३ जीबी माहिती जाऊ शकत होती, ती मर्यादा दोन चॅनेलमुळे ४२.६ जीबी झाली. दोन्ही रॅम ३२०० च्या घेतल्या असत्या तरी माझा बोर्ड २६६६ च्या वर जात नाही, म्हणजे जादा पैसे वायाच गेले असते. मेमटेस्ट८६ हा रॅम तपासणारा प्रोग्रॅम रात्रभर चालवला, एकही चूक निघाली नाही. मिश्र रॅम बसवणाऱ्याने ही चाचणी टाळू नये, कारण न जुळणारी रॅम कधी कधी आठवडाभर बरी चालते आणि नेमकी फाइल सेव्ह करताना दगा देते.

ही रॅम मी निःसंकोच सुचवेन, पण घेण्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. काही गेमिंग रॅमचा खोक्यावरचा ३२०० हा वेग एक्सएमपीमध्ये, म्हणजे बायॉसमध्ये जाऊन चालू करायच्या जादा वेगाच्या नोंदीत, १.३५ व्होल्टवर नोंदलेला असतो आणि एक्सएमपी चालू न केल्यास त्या २४०० वर चालतात. अशी रॅम जोडली तर जुनी २६६६ चीही खाली ओढली जाईल. आणि ज्यांच्या संगणकात आधीच ३२०० ची रॅम त्या वेगाने चालते आहे, त्यांनी शेदोनशे रुपये वाचवण्यासाठी शेजारी २६६६ ची बसवू नये.