फुकटच्या सॉफ्टवेअरवर नॅट बनवतोय : ब्लेंडर अन् फ्लाइटगिअर, वापरानंतरचा अनुभव

आधीच सांगतो, हा रिव्ह्यू विमान उडवण्याचा कमी अन् विमान बनवण्याचा जास्त आहे. मागच्या धानाच्या हंगामापासून मी ब्लेंडर (थ्री डी आकार बनवायचं सॉफ्टवेअर) आणि फ्लाइटगिअर (विमान उडवायचं सिम्युलेटर) ही जोडी वापरतोय, दोन्ही फुकट, दोन्ही ओपन सोर्स, आणि त्यावर भारतीय वायुसेनेचं फॉलंड नॅट हे छोटं फायटर जेट बनवतोय, एका सीटवालं, १९६५ अन् १९७१ च्या लढाईतलं. डीसीएस वगैरे भारी कॉम्बॅट सिम्युलेटर मला माहीत आहेत, यूट्यूबवर पाहतो अन् गप बसतो, कारण ते डाउनलोड मोबाईलच्या हॉटस्पॉटवर लावलं तर पुढचं रोवणं येईल, अन् लॅपटॉप म्हणाल तर सेकंडहँड आय थ्री, आठ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही.

राहतो गोंदिया जिल्ह्यात, बिरसीपासून फार लांब नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रजांनी बांधलेली ती धावपट्टी, आता तिथून पायलट ट्रेनिंगची छोटी विमानं फिरत असतात. लहानपणी बाकीचे पोट्टे बॉल पाहत अन् मी फिल्डिंग सोडून वर पाहत बसायचो, त्यामुळे हा नाद काही नवीन नाही, फक्त लॅपटॉप उशिरा आला.

ब्लेंडरबद्दल थोडक्यातच सांगतो कारण त्यावर व्हिडिओ ढिगानं आहेत. २०१९ मध्ये २.८ व्हर्जन आलं तेव्हापासून त्याची स्क्रीन माणसात आली, त्याआधीची पाहून लोक पळून जायचे. विमानासाठी लागतं ते एवढंच : मागे तीन बाजूंचं ड्रॉइंग लावायचं, अर्धंच विमान बनवायचं, मिरर मॉडिफायर दुसरी बाजू आपोआप करतो. नॅटची बॉडी गोलसर आहे, एका सिलिंडरपासून सुरुवात करून ओढत ताणत न्यायची. अडतं ते एअर इनटेकपाशी, म्हणजे इंजिनला हवा घेणाऱ्या तोंडापाशी, तिथे गोलाई बॉडीत मुरते अन् तिथेच बाहेरच्या बाजूला तोफेची नळी आहे, दोन्हीकडे एक-एक, ३० एमएमची एडन. त्या जोडावर सावली घाण पडते, पॉलिगॉन म्हणजे जाळीचे तुकडे कितीही वाढवा. मी शेवटी तिथली जाळी पूर्ण काढून हातानं विणली तेव्हा कुठं साफ झालं. फ्लाइटगिअरला फाइल एसी थ्री डी फॉरमॅटमध्ये द्यावी लागते, त्याचं अ‍ॅडऑन ब्लेंडरसोबत येत नाही, वेगळं टाकावं लागतं, अन् ब्लेंडरचं नवं व्हर्जन घेतलं की जुनं अ‍ॅडऑन रुसू शकतं. म्हणून चालू आहे ते व्हर्जन मी हलवतच नाही. बाकी आमच्याकडे लाईन कधी जाईल याचा भरवसा नाही, अन् माझ्या लॅपटॉपची बॅटरी नावालाच आहे, पण ऑटोसेव्हनं आतापर्यंत धोका दिला नाही, हा मोठा प्लस पॉइंट.

आता खरं काम. विमानाचा आकार बनवायला जेवढा वेळ गेला त्याच्या कितीतरी पट वेळ "हे असंच होतं का" हे शोधण्यात गेला आणि मला विचाराल तर मजाही त्यातच आहे. नॅटचं दुखणं असं की इंटरनेटवर शोधलं की नव्वद टक्के फोटो लाल रंगाच्या नॅटचे येतात, म्हणजे इंग्लंडच्या रेड अ‍ॅरोज या हवाई कसरतींच्या पथकाचे. ते दोन सीटवालं ट्रेनर, टी वन. आपल्याकडे आलं अन् बंगलोरला एचएएलमध्ये बनलं ते एका सीटवालं फायटर. दिसायला भाऊ-भाऊ, पण अंगानं वेगळे. टी वनचा पंख टोकापासून टोकापर्यंत ७.३२ मीटर, आपल्याचा एका ठिकाणी ६.७३ अन् दुसऱ्या ठिकाणी ६.७६. हा तीन सेंटिमीटरचा घोळ मॉडेलमध्ये दिसत नाही, त्यावर भांडू नका, पण टी वनच्या ड्रॉइंगवर फायटर बांधलं तर सगळं विमानच चुकतं. पंखाचं क्षेत्रफळच बघा, टी वनचं १७५ चौरस फूट, फायटरचं १३६ च्या वर थोडंसं. शिवाय टी वनला वेगळे फ्लॅप (उतरताना पंखामागून खाली येणारी पाती) आहेत, फायटरमध्ये एलेरॉन, म्हणजे विमान कुशीवर वळवणारी पातीच, खाली झुकून फ्लॅपचं काम करतात. म्हणजे पंखावरच्या रेघासुद्धा वेगळ्या. तयार मॉडेल डाउनलोड करून त्याला आपला रंग मारणारे बरेच भेटतात, बघणाऱ्याला फरक कळत नाही, पण मला तो प्रकार पटत नाही.

रंगाचंही तसंच. ६५ ची लढाई सुरू झाली तेव्हा ही विमानं चांदीसारखी चमकणारी, ७१ ला कॅमोफ्लाज. गोल खुणेत बाहेर केशरी, मध्ये पांढरा, आत हिरवा, हे उलटं काढलेलं मी कितीदा पाहिलं. भारत रक्षकच्या साइटवर फोटोंचा चांगला साठा आहे, आणि एक उपाय सांगतो, पाकिस्तानकडचे फोटोही पाहा. ३ सप्टेंबर १९६५ ला स्क्वाड्रन लीडर सिकंद यांचं नॅट पाकिस्तानात पसरूरला उतरलं, ते आयई १०८३ नंबरचं विमान आजही कराचीच्या त्यांच्या वायुसेना म्युझियममध्ये उभं आहे. म्युझियमला जाणारे लोक चहूबाजूंनी फोटो काढतात, चाकांच्या आत वाकूनही काढतात, आपल्या कामाचं तेच. त्याच दिवशी आपले नॅट पायलट ट्रेव्हर कीलर यांना पाकिस्तानचं सेबर फायटर पाडल्याचं श्रेय मिळालं, अन् पाकिस्तान म्हणतं ते सेबर खराब झालं पण घरी पोचलं. हिस्टरीवाल्यांनी भांडावं, मिशन बनवणाऱ्यानं दोन्ही बाजू वाचाव्या.

आमच्या गावात एक काका आहेत, वायुसेनेतून एअरफ्रेम फिटर म्हणून रिटायर झालेले, अजीतवर काम केलेले. अजीत म्हणजे एचएएलनं नॅटच्या तक्रारी दूर करून काढलेला पुढचा अवतार, पंखातच इंधन, पंखाखाली चार ठिकाणी सामान लटकवायची सोय. त्यांना एकदा लॅपटॉप दाखवला. रंग पाहिला नाही, काही नाही, चष्मा लावला अन् सरळ विचारलं, "चाक अर्ध्यावर थांबते का गा तुयं?"

ही नॅटची खरी गंमत. त्याला वेगळे एअरब्रेक नाहीत. पायलटला वेग मारायचा असला की चाकंच थोडी खाली उतरतात, त्याचे दरवाजे हवेत आडवे येतात अन् तेच ब्रेक. लँडिंगला तीच चाकं पूर्ण खाली. म्हणजे मॉडेलमध्ये चाकाला वर अन् खाली अशा दोनच जागा देऊन भागत नाही, मधली तिसरी लागते. मी की दाबली, चाकं अर्धी उतरून थांबली, काकांनी स्क्रीनजवळ नाक नेऊन दरवाजा पायासोबत येतो का ते पाहिलं.

"येते. मंग बराबर हाय. अन् हे पाह्य, शिडी लागत नव्हती आम्हाले, जमिनीवर उभं राहूनच सारं काम होये. तू माणूस उभा कर बाजूला, तवा दिसन केवढुसं हाय ते."

माणूस उभा केला. खरंच, त्याशिवाय साइज कळत नाही.

हे अर्धं चाक फ्लाइटगिअरमध्ये कसं केलं ते सांगतो कारण इथे हे सॉफ्टवेअर मला खूपच आवडलं. त्यात विमानाची प्रत्येक हालचाल एका प्रॉपर्टीला, म्हणजे नाव दिलेल्या एका आकड्याला, बांधलेली असते, आणि ती बांधणी साध्या एक्सएमएल फाइलमध्ये, नोटपॅडमध्ये उघडा अन् बदला. फिरायचा अक्ष, मध्यबिंदू, किती अंश, बस. चाकाची एक प्रॉपर्टी अन् एअरब्रेकची एक, दोन्हींपैकी जी मोठी ती घे, असं नासल नावाच्या त्याच्या स्क्रिप्टमध्ये दोन-चार ओळीत लिहिलं. कोणाची परवानगी नाही, लायसन्स की नाही. टेक्स्चरचं, म्हणजे मॉडेलवर चढवायच्या रंगाच्या चित्राचं, फक्त लक्षात ठेवा, साइज दोनाच्या घातातली, १०२४ किंवा २०४८ अशी हवी.

आता डोकेदुखी, म्हणजे विमान उडतं कसं ते. इथे दोन रस्ते. वायसिम नावाचं मॉडेल घेतलं तर पंख कुठे, शेपूट कुठे, वजन किती, उतरताना वेग किती, क्रूझला किती एवढं सांगायचं, बाकीचं गणित तेच सोडवतं. सुरुवातीला बरं वाटतं, पण आवाजाच्या वेगाजवळ ते कच्चं आहे अन् नॅट तर तिथपर्यंत जाणारं जेट, म्हणून शेवटी जेएसबीसिमवर आलो. तिथे लिफ्ट (वर उचलणारा जोर), ड्रॅग (हवेचा अडथळा) सगळ्याचे तक्ते स्वतः भरायचे, मॅक नंबरप्रमाणे, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या किती पट वेग त्याप्रमाणे. एरोमॅटिक नावाच्या टूलमधून सांगाडा मिळतो, पण तो कोणत्याही छोट्या जेटचा असू शकतो, त्यात नॅट आणावं लागतं. इंजिन ऑर्फियस ७०१, थ्रस्ट साडेचार हजार पाउंडच्या थोडा वर, रिकामं विमान जेमतेम दोन टनांचं. हे आकडे सापडतात. रोल किती झटकन होतो, कोणत्या वेगाला स्टिक जड होते, हे कुठल्याच तक्त्यात नाही, त्यासाठी पायलटांच्या आठवणी वाचायच्या अन् त्यातलं कौतुक किती अन् माहिती किती ते गाळून घ्यायचं. "एकदम चपळ होतं" या वाक्यावरून आकडा कसा काढू राजेहो?

लढाईच्या बाबतीत मात्र अपेक्षा कमी ठेवा. फ्लाइटगिअर मुळात सिव्हिलवाल्यांचं सिम्युलेटर, बॉम्बेबल नावाचं अ‍ॅडऑन टाकलं की शत्रूची विमानं येतात, गोळी लागते, धूर निघतो. पण ते अ‍ॅडऑन आहे, डीसीएसची मजा त्यात शोधू नका. तरी बोयराची हवाई लढाई करून पाहिली, २२ नोव्हेंबर १९७१, २२ स्क्वाड्रनची डमडमवरून उडालेली चार नॅट. सेबरचा पंख ११.३ मीटरचा, तो समोर काचेत भरून दिसतो, अन् उलट बाजूनं सेबरमध्ये बसून नॅट शोधायला गेलं तर दूरवर एक ठिपका, तोही मान वळवली की हरवतो. नॅटला सेबर स्लेयर, म्हणजे सेबर मारणारं, हे नाव का पडलं याचा निम्मा जबाब तिथेच मिळतो अन् त्यासाठी ग्राफिक्स कार्ड लागत नाही. १४ डिसेंबर ७१ चं श्रीनगर, सेखोन यांचं, एक नॅट अन् सहा सेबर, ते अजून केलं नाही. एकुलत्या एका परमवीर चक्रवाल्या वायुवीराचं मिशन अर्धवट फ्लाइट मॉडेलवर करणं मला जमत नाही.

मशीनचं सांगायचं तर सेटिंग खाली ठेवून माझ्या डब्ब्यावरही चालतं. मे महिन्यात दुपारी चालवू नका, आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो अन् फॅन राईस मिलसारखा ओरडतो, ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला त्यानं थर्मल पेस्ट नवीन टाकली असं सांगितलं होतं, उघडून पाहिलं तर वाळलेली खपली. फ्लाइटगिअरच्या नकाशात नागपूरचं विमानतळ आहे, बिरसीही आहे, पण मधली गावं, तलाव, धानाचे बांध सगळं एकसारखं हिरवट. घर शोधायला जाऊ नका.

कोणी घ्यावं? ज्याला आज रात्री डॉगफाइट पाहिजे त्यानं अजिबात नाही. ज्याला एका बोल्टसाठी रात्रभर फोटो उलटेपालटे करायला आवडतं त्यानं डोळे झाकून घ्यावं, पैसे तर लागतच नाहीत. पाचपैकी मी ब्लेंडरला पाच देतो, फ्लाइटगिअरला विमान बनवण्यासाठी साडेचार अन् लढाईसाठी अडीच. माझं कॉकपिट अजून बाकी आहे, डाव्या बाजूच्या पॅनेलचे साफ फोटो मिळत नाहीत, जे मिळतात त्यात बघणाऱ्या पोराचं डोकं मध्ये येतं. कोणी दिल्लीला पालमच्या म्युझियममध्ये जाणार असेल तर नॅटच्या चाकाच्या खोबणीचे अन् जमलं तर कॉकपिटच्या डाव्या बाजूचे फोटो काढून आणा, फ्लॅश न मारता.