जुन्या ओम्नीचं आयडलिंग: अमळनेरचं एक गॅरेज

माझी ओम्नी १९९७ची, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनला देणारा भाग). आठवडे बाजारांना कपड्यांचे गठ्ठे नेतो. दोन महिने एकच रडगाणं: ॲक्सिलरेटर सोडला की बंद. थंड इंजिन चालू करताना ओढायचा चोक गरम इंजिनलाही ओढावा लागायचा. आधीच्या मिस्तरीनं आयडल स्क्रू (ॲक्सिलरेटर सोडल्यावर इंजिन किती वेगानं फिरेल ते ठरवणारा) पिळून आठशे घेतले. गाडी नुसती बोंबलायला लागली आणि पेट्रोल जास्त प्यायला लागली.

अमळनेरच्या या छोट्या गॅरेजात मालकांनी सीट उचललं (ओम्नीचं इंजिन आपल्या बुडाखालीच!) आणि स्क्रूला हातही लावला नाही. गाडी चालू ठेवून व्हॅक्यूमच्या नळ्या एकेक करून पक्कडीनं दाबल्या. एक दाबताच बोंबलणं थांबलं आणि इंजिन एकसारखं चालू लागलं. "कार्बोरेटरनी चूक नही, भाऊ," म्हणाले. नळीला चीर होती, तिथून जादा हवा आत जात होती. मग आयडल जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा भाग) काढून हवेनं फुंकला. त्यातून तांबूस कचरा निघाला. टाकीचा गंज. फिल्टर बदलला, पेट्रोलचा कडक झालेला पाइपही. स्क्रू शेवटी, इंजिन गरम झाल्यावर, चोक पूर्ण आत ढकलून लावला.

बिल सहाशे पन्नास, जुने पार्ट हातात दिले. "तासाभरात" म्हणाले आणि दहाचे तीन वाजले. बसायला एक टायर, मे महिन्यात वर पत्रा. चहा मात्र दोनदा आला.

टाकी धुवायला दिवाळीनंतर परत इथेच.