एचिंग की वूडकट?

एचिंग म्हणजे धातूच्या पत्र्यावर आम्लाने रेषा कोरून छापणं, वूडकट म्हणजे लाकडाचा ठोकळा कोरून छापणं. छापचित्रांच्या या दोन्ही माध्यमांची तोंडओळख झाली आहे, पण पुढची काही वर्षं नेमकं कशात काम करायचं हे ठरत नाहीये, अशांसाठी हे लिहितोय. मी दोन्ही केलंय आणि शेवटी लाकडाकडे वळलो. तरी एचिंगच्या बाजूने बोलण्यासारखं बरंच आहे, तेव्हा सुरुवात तिथूनच करतो.

ग्राउंडवर, म्हणजे पत्र्यावर दिलेल्या आम्लरोधक थरावर, सुई फिरवताना हाताला अडथळा जवळजवळ जाणवत नाही, कागदावर पेन चालावं तशी रेषा उमटत जाते. त्यामुळे ज्यांचा हात रेखाटनात बसलेला आहे त्यांना एचिंग लगेच आपलंसं वाटतं. छटा हव्या असतील तर अ‍ॅक्वाटिंट आहेच. राळेची बारीक पूड पत्र्यावर बसवून तापवायची, मग पत्रा आम्लात जितका जास्त वेळ राहील तितका काळा रंग गडद. स्पॅनिश चित्रकार गोयाने १७९९च्या ‘लॉस काप्रिचोस’ मालिकेत याच तंत्राने उभा केलेला काळोख बघितला, की लाकडात तो कसा आणणार, असा प्रश्न पडतो. प्रामाणिक उत्तर हेच, की नाही आणता येत.

रंगांतही एचिंगवाल्यांकडे हुकमी एक्का आहे. इंग्रज छापचित्रकार हेटरने १९२७मध्ये पॅरिसला सुरू केलेल्या ‘आतेलिए १७’ या कार्यशाळेत भारतीय छापचित्रकार कृष्णा रेड्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी व्हिस्कॉसिटी पद्धत विकसित केली. पत्रा कमी-जास्त खोल कोरायचा, कडक रोलरने वरच्या पातळीला एक रंग द्यायचा आणि मऊ रोलरने खालच्या पातळीला दुसरा. शाईतलं तेलाचं प्रमाण वेगळं ठेवल्यामुळे रंग एकमेकांत कालवले जात नाहीत. एकाच पत्र्यातून, एकाच दाबात अनेक रंग! रेड्डी मुळात शिल्पकार, आणि त्यांचे पत्रे बघताना ते जाणवतं.

इतकं सगळं असून मी एचिंग सोडलं ते पत्रा पुसण्यामुळे. आम्लाचा वास, प्रेसचा खर्च, ओल्या कागदांची निगराणी या अडचणी सगळेच सांगतात आणि सवयीने त्या सुसह्य होतात. पुसण्याचं तसं नाही. शाई सगळीकडे थापायची, मग टार्लाटनच्या (कडक, जाळीदार कापडाच्या) बोळ्याने गोल गोल फिरवत वरची काढायची, पण रेषेतली निघता कामा नये. शेवटी खडूची पूड लावलेल्या तळहाताने हलकेच हात मारायचा, आणि पत्र्याच्या उतरत्या कडा फडक्याने स्वच्छ करायच्या. हे दर प्रतीला. एवढं करून दोन प्रती शेजारी ठेवल्या, की एकीत आकाश उजळ आणि दुसरीत करडं. कडेला राहिलेला शाईचा एक ठिपका कागद उचलल्यावरच दिसतो. आवृत्तीतल्या, म्हणजे एकाच पत्र्यावरून काढलेल्या संचातल्या, प्रती एकमेकींशी जुळाव्यात एवढीच माझी अपेक्षा होती, आणि तिथेच दिवस संपायचा. रेम्ब्रांटने पत्र्यावर मुद्दाम शाईचा पापुद्रा ठेवून एकाच पत्र्यातून वेगवेगळे प्रकाश काढले, हे मला माहीत आहे. तुमची वृत्ती तशी असेल तर माझी तक्रार हाच तुमच्यासाठी गुण ठरेल.

लाकडात रोलर फिरवला की झालं. शाई वरच्या पृष्ठभागालाच लागते, पुसायचं काही नाही. थर पातळ ठेवला तर दहावी प्रत पहिलीसारखी येते, निदान माझा अनुभव तरी असाच आहे. प्रेस नसेल तर चमच्याची पाठ घासूनही चांगला ठसा निघतो. शिवाय लाकूड स्वतः काहीतरी देतं. नॉर्वेच्या चित्रकार मुंकने फळ्यांच्या शिरा चित्रात तशाच राहू दिल्या आणि ठोकळा करवतीने कापून तुकड्यांना वेगवेगळे रंग दिले. हे त्या सामग्रीतूनच सुचणारं आहे.

मला सगळ्यात जास्त पटतं ते जर्मन चित्रकर्ती केटे कोलवित्झचं उदाहरण. एचिंगमध्ये तिचा हात पक्का होता, विणकरांच्या आणि शेतकऱ्यांच्या उठावांवरच्या मालिकांनी तिचं नाव झालं होतं. १९१९मध्ये जर्मन कम्युनिस्ट नेता कार्ल लीबक्नेख्टची हत्या झाली. त्याच्या स्मृतिचित्रासाठी तिने आधी एचिंग करून पाहिलं, मग लिथोग्राफी, म्हणजे दगडावर चित्र काढून छापणं. दोन्हींनी समाधान झालं नाही. अखेर १९२०मध्ये तिने ते लाकडात कोरलं. मृतदेहावर वाकलेली माणसं, सगळीकडे काळं, आणि त्यातून पांढऱ्या ओरखड्यांनी वर आलेले चेहरे आणि हात. करड्या छटा तिथे नाहीत, त्यामुळे नजरेला पळवाट मिळत नाही.

लाकडाचे तोटेही आहेत. शिरेला आडवी बारीक रेषा कोरताना कपचा उडतो आणि कापलेलं परत जोडता येत नाही. पत्रा निदान घासून त्यावर नव्याने ग्राउंड चढवता येतो. लिनो, म्हणजे लाकडाऐवजी लिनोलियमची मऊ चादर कोरणं, हा मधला मार्ग, शिरांची कटकट नाही. पिकासोने एकाच लिनोतून थोडं थोडं कापत एकावर एक रंग छापले. मात्र मला लिनोची कड जरा गुळगुळीत वाटते, हा निव्वळ आवडीचा भाग.

छटांशिवाय तुमचं चित्र उभंच राहत नसेल तर एचिंग घ्या. मग जस्त आणि नायट्रिकपेक्षा तांबं आणि फेरिक क्लोराइड बरं, नायट्रिकचा धूर बंद खोलीत त्रास देतो. पण निर्णयाआधी कुणाच्या तरी तयार पत्र्यावरून एका बैठकीत आठ-दहा प्रती काढून बघा. पुसण्यात मन रमलं तर प्रश्नच मिटला. नाही रमलं तर एक चांगली फळी आणि दोन धारदार पटाश्या, एक व्ही आकाराची आणि एक गोल, एवढ्यावर सुरुवात होते.