अकरा महिने, तीन वर्गण्या आणि एक मत

आधीच सांगतो, हा कुठल्या एका पेपरचा रिव्ह्यू नाही. राजकीय सदरं अकरा महिने पैसे भरून, नेमानं वाचली, त्याचा हा अनुभव. कुठल्या सदरात कोण लिहितं, कुणाचा कल कुणीकडं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत असणार. ते उगाळत बसत नाही. मला बोलायचंय तारखेबद्दल. हो, तारखेबद्दलच.

झालं असं. कोल्हापुरात पेठेतल्या आमच्या वाचनालयात दरवर्षी पत्रकार दिनाच्या सुमाराला, म्हणजे ६ जानेवारीच्या आगंमागं, सभासदांचा कौल घेतात : सरत्या वर्षातलं आवडतं राजकीय सदर कुठलं? चिठ्ठी लिहायची आणि बुंदीच्या लाडवांच्या जुन्या डब्यात टाकायची. जिंकणाऱ्याला सचिवांच्या सहीचं अभिनंदनाचं पत्र जातं. त्याला उत्तर आल्याचं मला तरी आठवत नाही. पंधराएक वर्षं मी मत देतोय आणि पंधराएक वर्षं घरी येणाऱ्या पेपरातल्याच सदराचं नाव लिहितोय. सगळेच तसं करतात. म्हणजे कौल सदराचा नसतोच, पेपर टाकणाऱ्या पोराच्या लाइनीचा असतो. गेल्या जानेवारीत चहाच्या वेळी मी हे बोलून गेलो, तर शेजारी बसलेले अण्णा म्हणाले, "मग तू वाच की बाबा सगळं आणि आम्हाला सांग. कोण नको म्हणतंय?" आलं अंगावर.

फेब्रुवारी २०२५ पासून सुरुवात केली. घरचा पेपर होताच. एका मोठ्या दैनिकाच्या ॲपची वार्षिक वर्गणी भरली, ७९९ रुपये. पुण्याहून निघणारं एक साप्ताहिक टपालानं लावलं. बाकीचं वाचनालयात फुकट. ७९९ भरताना बोट दोनदा मागं आलं, कारण रद्दी. घरच्या पेपरचं बिल महिन्याला येतं खरं, पण त्यातलं थोडं रद्दीवाला परत देतो; गेल्या खेपेला किलोला १३ रुपयांनी गेली. ॲपची रद्दी होत नाही. हे बायकोला बोलून दाखवलं तर म्हणाली, "मोबाइलच घाला मग रद्दीत."

पहिले तीन-चार महिने मी ॲपवर खूश होतो, हे कबूल करतो. मी इचलकरंजीत एका यंत्रमागवाल्याकडं हिशेब लिहितो. सकाळी एसटीत जागा मिळाली तर वाचायचं, नाही मिळाली तर लेख ऐकायचा, अशी सोय ॲपमध्ये आहे. आवाज बाईचा, पण ती बाई कोल्हापूरची तर नाहीच, महाराष्ट्राचीही नसावी. तिला 'ळ' म्हणता येत नाही. काळम्मावाडीची थेट पाइपलाइन तिच्या तोंडी 'कालम्मावाडी' होते, महायुतीतली पळापळ 'पलापल' होते आणि मूळ प्रश्न 'मूल प्रश्न' होतो. जि. प. आलं की ती 'जि' म्हणून थांबते, श्वास घेते आणि मग 'प' म्हणते. हातकणंगल्यापर्यंत दोन लेख होतात. पहिल्या आठवड्यात वैताग आला, महिन्याभरात सवय झाली. आता खऱ्या माणसानं 'पळापळ' म्हटलं की चुकल्यासारखं वाटतं. या बाईनंच पुढं मला एक गोष्ट पकडून दिली, म्हणून तिचं एवढं सांगितलं.

६ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं स्थानिक स्वराज्य संस्थांच्या निवडणुका चार महिन्यांत घ्या म्हणून सांगितलं, ते आठवत असेल. कोल्हापूरकरांना तर नक्की, कारण आपल्या महापालिकेचं शेवटचं मतदान नोव्हेंबर २०१५ मध्ये, सभागृहाची मुदत संपली नोव्हेंबर २०२० ला, तेव्हापासून प्रशासक. त्या आठवड्यात सगळ्यांनी लिहिलं. एका सदरकारानं सांगितलं, गणपतीच्या आधी बिगुल वाजणार. साप्ताहिकातल्या एकानं उलटं लिहिलं : प्रभागरचना, त्यावरच्या हरकती, मग आरक्षण, मग मतदार याद्या, एवढं सगळं चार महिन्यांत उरकत नाही, वर्ष सरेल. मी दोन्ही वाचले, गणपतीवाला ॲपमध्ये 'सेव्ह' करून ठेवला. पुढं १६ सप्टेंबरला कोर्टानंच ३१ जानेवारी २०२६ ची मुदत दिली. आता मजा बघू, म्हणून मी गणपतीवाला लेख परत उघडला.

लेखावर तारीख सप्टेंबरची. 'अपडेटेड' असं वर बारीक अक्षरात. मे महिन्याचा कुठं मागमूस नाही. आणि आतलं 'गणपतीच्या आधी' जाऊन 'वर्षअखेरीस किंवा नव्या वर्षात' झालेलं. मला वाटलं माझीच गफलत, वय झालं. सहज कान लावले आणि ऐकायचं बटण दाबलं. बाई शांतपणे म्हणाली, "गणपतीच्या आधी बिगुल." मजकूर बदलला होता, आवाजाची फाइल जुनीच राहिली होती.

हिशेब लिहिणाऱ्या माणसाला हे काय वाटतं ते सांगून कळणार नाही. तारखेशिवाय व्हाउचर म्हणजे नुसता कागद. मागाहून आकडा बदललेलं व्हाउचर म्हणजे तर नोकरीच गेली. आमच्यात चुकीची नोंद खोडत नाहीत. तिच्या पुढं उलटी नोंद घालतात आणि दोन्ही दिसू देतात. राजकीय सदर म्हणजे दुसरं काय असतं? अमक्या दिवशी, अमकं माहीत असताना आणि अमकं माहीत नसताना, माणूस काय म्हणाला. त्यातली तारीख काढली की निकालानंतर शहाणपण सांगणारा आणि निकालाआधी छाती काढून लिहिणारा एकाच रांगेत बसतात. मग मत कुणाला द्यायचं?

त्या दिवशी दोनशे पानी वही आणली. दोन रकाने : 'म्हणाला' आणि 'झालं'. पुढं तारीख, शाईनं.

ॲपच्या ग्राहक सेवेला फोन लावला. ते संभाषण जवळपास जसंच्या तसं :

"सर, लेख उघडतोय ना तुमचा?"

"उघडतोय."

"मग अडचण काय आहे सर?"

"मूळ तारीख दिसत नाही ताई."

"सर, लेख अपडेट झाला की तारीखपण अपडेट होते. तुम्हाला ताजा मजकूर मिळावा म्हणून आहे ते."

"मला शिळाच पाहिजे."

थोडा वेळ गप्प. मग, "सर, मी तक्रार नोंदवून घेते." तक्रार क्रमांक आला. त्यानंतर मी चार वेळा फोन केला, चारही वेळा नवा क्रमांक आला. बिचाऱ्या मुलीचा काही दोष नाही, तिच्यासमोर जे लिहिलेलं असणार ते ती वाचणार. पण डिसेंबरात ॲपची नवी आवृत्ती आली आणि माझे सेव्ह केलेले १४० लेख एका रात्रीत एकाच तारखेचे झाले : १७ डिसेंबर २०२५. फेब्रुवारीतला अर्थसंकल्प, ऑगस्टमध्ये आलं ते उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, नांदणी मठाची हत्तीण, शक्तिपीठ महामार्गाविरुद्धचे मोर्चे, सगळं १७ डिसेंबरला. तेवढ्यात 'ळ' मात्र दुरुस्त झाला! बाई आता 'पळापळ' स्वच्छ म्हणते. कुणीतरी बसून 'ळ'चं काम केलं, तारखेचं केलं नाही, याचा राग मला जास्त आला.

अण्णांना हे सांगितलं तर त्यांनी १८८२ काढलं. कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांचा छळ होतोय म्हणून 'केसरी' आणि 'मराठा'नं दिवाण बर्व्यांवर तोफ डागली, पुराव्याची पत्रं बनावट निघाली आणि टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस जाऊन आले. "त्यांना का अपडेट करता येत नव्हतं?" अण्णा म्हणाले. "छापलं ते छापलं. चुकलं तर आत जायचं." अण्णांचं सगळंच घेऊ नये, चूक दुरुस्त करण्यात पाप नाही. पण दुरुस्तीखाली 'दुरुस्ती' असं लिहायला कितीशी जागा लागते?

आता साप्ताहिक. याच्याबद्दल माझं मत पार फिरलं, म्हणून नीट सांगतो. सुरुवातीला मी त्याच्यावर जाम चिडलो होतो. शनिवारचा अंक कधी मंगळवारी, कधी गुरुवारी, पावसाळ्यात तर एकदा दोन अंक एकत्र, कोपरे भिजलेले. राजकारणावरचं लिखाण पाच दिवस उशिरा म्हणजे दुपारची भाकरी रात्री. वर्गणी वाया गेली, असं मी सप्टेंबरपर्यंत सगळ्यांना सांगत होतो. पण वही सुरू केल्यावर दिसायला लागलं की, जो लेख पाच दिवस उशिरा वाचूनही उभा राहतो तोच पाच महिन्यांनी उभा राहतो. निवडणुका लांबणार हे लिहिणारा हाच. नगरपालिकांचं मतदान २ डिसेंबरला झालं आणि मोजणी कोर्टानं २१ तारखेपर्यंत पुढं ढकलली, त्या मधल्या दिवसांत बाकी सगळे कोण येणार त्याचे अंदाज सांगत होते. यानं लिहिलं, आधीचा निकाल बघून काही ठिकाणचं नंतर होणारं मतदान फिरू नये म्हणून ही मोजणी थांबली आहे, आणि कोर्टात नेमकं काय झालं ते दीड पानात समजावून सांगितलं. शब्द साधे. डोक्यावर अंकाची तारीख, छापील, कुणाच्या बापाला बदलता येणार नाही अशी. कागद पिवळा पडेल तेवढंच.

घरच्या पेपरबद्दल एकच सांगतो. त्यातलं स्थानिक सदर मला आवडतं आणि त्यात खोट आहे, दोन्ही. गल्लीबोळ पाठ, कुठल्या तालमीचं वजन कुठल्या प्रभागात ते बरोबर. पण हद्दवाढीवरचा लेख आला की मी तारखेवर हात ठेवून वाचतो आणि साल ओळखायचा प्रयत्न करतो. जमत नाही. महापालिका झाली १९७२ ला, हद्द तेव्हाची तिथंच. पण लेखानंही तिथंच थांबावं असं नाही. एकदा हात काढल्यावर कळलं, वाचनालयातल्या टेबलावर कुणीतरी जुना अंक ठेवलेला होता.

मग मतदानाची पद्धत. यंदा १५ जानेवारी २०२६ ला महापालिकेचं मतदान होतं, वाचनालयाचे निम्मे पदाधिकारी प्रचारात, त्यामुळं कौल पुढं गेला. तेवढा वेळ मिळाला म्हणून मी सचिवांच्या मागं लागलो की, एका चिठ्ठीवर एकच नाव नको. काहींचं म्हणणं पडलं, आता प्रभागात बहुतेक ठिकाणी चार-चार मतं द्यायची आहेत, तशी इथंही चार द्या. त्यानं काय होणार? घरच्या पेपरातली चारही सदरं येणार, पॅनल टू पॅनल. मी म्हटलं, पसंतीक्रम घ्या : १, २, ३. पहिली पसंती माणूस घरच्या पेपरला देतो, खरं बोलतो ते दुसरीत. आणि दुसऱ्या पसंतीत काय ताकद असते हे कोल्हापूरला कुणी शिकवावं? जून २०२२ ची राज्यसभा. सहाव्या जागेला संजय पवार आणि धनंजय महाडिक, दोघंही इथलेच. पहिल्या पसंतीत पवार पुढं, निवडून आले महाडिक. हे उदाहरण दिल्यावर खोलीत दोन तट पडले आणि अर्धा तास सदरांचा विषयच निघाला नाही. शेवटी सचिवांनी विचारलं, "मोजणार कोण?" मी म्हटलं, मी. मंजूर झालं. खऱ्या निवडणुकीसारखं पाहिजे म्हणून नियमही मीच लिहून दिले : आकड्यातच पसंती, एकाच रंगाचं पेन, आणि चिठ्ठीवर मतदाराची ओळख पटेल अशी कुठलीही खूण असली तर मत बाद. ग्रंथपाल मॅडमनी जांभळं स्केचपेन दोऱ्यानं टेबलाला बांधलं.

माझी चिठ्ठी : पहिली पसंती साप्ताहिकातला, दुसरी घरच्या पेपरातलं स्थानिक सदर, तिसरी खूप विचार करून ॲपवरच्या एका बाईंच्या सदराला. त्या अंदाज बांधतच नाहीत, गावात जाऊन बघून आलेलं लिहितात, त्यामुळं तारीख बदलली तरी त्यांचं फारसं बिघडत नाही. ॲपचं ऑटो-रिन्यू बंद केलंय, वर्गणी ४ फेब्रुवारी २०२६ पर्यंतचीच. साप्ताहिकाची पुढच्या दोन वर्षांची एकदम भरली, सवलत होती.

२६ जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर डबा उघडला. ६३ चिठ्ठ्या. मी आणि मॅडम मोजायला, अण्णा बघायला. दुसऱ्या पसंतीपर्यंत जायची वेळच आली नाही, पहिल्याच फेरीत घरच्या पेपरातलं सदर अर्ध्याच्या वर गेलं. लाइनीचा पोरगा जिंकला. बाद चिठ्ठी एक. मॅडमनी ती उजेडात धरली. तीन नावं, तीन आकडे, सगळं नियमात, आणि खाली उजव्या कोपऱ्यात सवयीनं घातलेलं : दि. २१/०१/२०२६.

"ही खूण धरायची का हो?" मॅडमनी माझ्याकडं बघून विचारलं.

"धरा की," अण्णा म्हणाले, "अख्ख्या वाचनालयात चिठ्ठीवर तारीख घालणारा एकच हाय."