इटलीतल्या व्हिला-बागा भर उन्हाळ्यात: चार महिन्यांच्या फेऱ्यांनंतर

फुलं बघायला जाणार असाल तर इटलीच्या जुन्या बागा जुलैत निराश करतील. सोळाव्या शतकातल्या या बागा हिरवाई, दगड आणि पाणी यांवर उभ्या आहेत. फुलांचा वाटा किरकोळ. कोमो सरोवराकाठची व्हिला कार्लोत्ता नंतरची, ती अझेलियासाठी गाजते, पण तो बहर एप्रिल-मेमध्येच आटोपतो. जून ते सप्टेंबर पुन्हा पुन्हा जाऊन बनलेलं मत एवढंच, की उन्हाळ्यात बाग निवडताना नावापेक्षा तिथलं पाणी, सावली आणि चढ पाहावा. यांतल्या निम्म्या बागा रोमच्या उकाड्याला कंटाळलेल्या कार्डिनलांनी, म्हणजे कॅथलिक चर्चच्या बड्या धर्माधिकाऱ्यांनी, केल्या. ऋतू चुकीचा नाही, लोकांची वेळ चुकते.

पहिली पसंती रोमजवळच्या तिवोली गावातली व्हिला देस्ते. कार्डिनल इप्पोलितो देस्ते 1550 मध्ये तिवोलीचा राज्यपाल झाला आणि वास्तुकार पिर्रो लिगोरियोने आराखडा केला. आनिएने नदीचं पाणी गावाखालच्या बोगद्यातून आणलंय. 51 कारंजी आणि जलमंडप एकाही पंपाशिवाय, निव्वळ उतारावर चालतात. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की पाहिली असेल तर तत्त्व ओळखीचं वाटेल. इथली खरी गोम मात्र प्रवेशाची आहे. मूळ दरवाजा तळाला होता. पाहुणा खालून वर चढत यायचा आणि एकेक कारंजं समोर उलगडायचं. आजचं तिकीटघर वरच्या वाड्यात आहे, त्यामुळे सगळे बाग उलटी बघतात आणि दमल्यावर शेवटचा चढ चढतात. उपाय सोपा आहे. वाड्यातली दालनं परतीसाठी ठेवा, उघडताच कुठे न थांबता थेट माशांच्या तळ्यांपर्यंत उतरा आणि तिथून सावकाश वर या. निम्मा चढ झाला की ‘शंभर कारंजी’ लागतात, ती झाडीच्या सावलीत आहेत. श्वास घ्यायला तीच जागा.

ऑर्गनचं कारंजं सकाळी 10:30 ला आणि पुढे दर दोन तासांनी वाजतं. कोसळणारं पाणी हवा ओढून घेतं, ती बंद कोठीत दाबली जाऊन नळ्यांत शिरते आणि पाण्यानेच फिरणारा दातेरी पिंप सूर निवडतो. शतकानुशतकं मुकं पडलेलं हे यंत्र 2003 मध्ये दुरुस्त झालं. वाजणं काही मिनिटांचंच असतं. पाच मिनिटं आधी पोचला नाहीत तर दोन तास गेले. खाली गडगडणारं नेपच्यूनचं कारंजं, ज्याचे फोटो सगळ्यात जास्त निघतात, ते मात्र विसाव्या शतकातलं आहे. दिसतं झकास, पण कार्डिनलच्या खात्यावर मांडू नका.

इथलं पाणी चुनखडीचं. बोअरच्या पाण्याने गीझर आतून भरत जातो, तशा तोट्यांवर क्षाराच्या पुटी चढतात. म्हणून एखादं कारंजं साफसफाईसाठी कोरडं सापडतंच. ‘आक्वा नॉन पोताबिले’ ही पाटी दिसली की ते पाणी पिण्याचं नाही. माणशी दीड लिटरची बाटली बरोबर हवी. पायऱ्यांवर शेवाळ असतं, तिथे गुळगुळीत तळव्याची चप्पल म्हणजे घसरण्याची हमी.

रोमहून मेट्रोच्या बी मार्गावर पोंते माम्मोलोला उतरून बस घेतली की ती व्हिलाच्या जवळ सोडते. तिबुर्तिना स्थानकावरून रेल्वेही आहे, पण तिवोलीचं स्टेशन नदीपलीकडे आहे, तिथून पाऊण किलोमीटरहून जास्त पायपीट. बसचं परतीचं तिकीट रोममध्येच काढून ठेवा. रोमन सम्राट हेड्रियनचा प्रासाद, व्हिला आद्रियाना, त्याच दिवशी करायचा असेल तर तो आधी. ते उघडं, अफाट मैदान आहे, बारा वाजता तव्यासारखं तापतं. दुपार देस्तेला द्या, तिथे पाणी सांभाळून घेतं. सोमवारी देस्ते दुपारी दोनलाच उघडते. सकाळी जाऊन बंद दाराशी बसणारे दर आठवड्याला दिसतात.

आमच्या मते अधिक सुरेख बाग मात्र वितेर्बोजवळच्या बान्याइयातली व्हिला लान्ते. छोटी, शांत, आणि एकच पाणी वरून खाली गोष्ट सांगत येतं. कार्डिनल गाम्बाराची बाग, आराखडा विन्योला या वास्तुकाराचा मानतात. ‘गाम्बेरो’ म्हणजे झिंगा, म्हणून उतारावरची पाण्याची साखळी लांबट झिंग्याच्या आकारात कोरलेली. पुढे दगडी मेज, मधोमध वाहत्या पाण्याचा पाट. वाइन आणि फळं त्यात गार व्हायची. ‘लुमिनी’ म्हणजे दिव्यांचं कारंजं ढगाळ दिवशी फिकं वाटतं. ऊन पडलं की बारीक धारा पेटलेल्या पणत्यांसारख्या चमकतात, म्हणून ते सकाळच्या उन्हात बघावं. आधी खालचा चौकोनी ताटवा उरका, सावली तिथे जवळपास नाही, आणि ऊन चढेल तसं वर झाडीत सरका. अडचण वाहनाची. रविवारी बस विरळ असतात. परतीची वेळ वितेर्बोतच विचारून ठेवा.

फ्लोरेन्सची बोबोली सगळ्यात प्रसिद्ध आणि दुपारच्या फेरीसाठी सगळ्यात वाईट. पांढरट खडी डोळ्यांवर ऊन फेकते, चढ दमवतो, पाणी कमी. जायचंच तर उघडताना जा आणि उघड्या नाट्यगृहाऐवजी कापून बोगदा केलेल्या सदाहरित ओकांच्या वाटा धरा. तेवढ्याच वेळात शहराबाहेरची व्हिला कास्तेल्लो जास्त देते. फ्लोरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याची ही 1538 पासूनची बाग. इथली लिंबूवर्गी झाडं मोठाल्या मातीच्या कुंड्यांत असतात. थंडीत ती ‘लिमोनाइया’त, म्हणजे लिंबांसाठीच्या बंदिस्त इमारतीत, हलवतात, म्हणजे कुंड्या बाहेर मांडलेल्या बघायच्या तर उन्हाळाच हवा. मेदिचींचीच दुसरी व्हिला, पेत्राइया, तिथून चालत जाण्याइतकी जवळ आहे.

आता त्रास देणाऱ्या गोष्टी. वाघ्या डास, काळ्या अंगावर पांढरे पट्टे, दिवसाढवळ्या चावतो आणि घोटे शोधतो. साचलेली कुंडं हे त्याचं माहेर. डास पळवणारं मलम स्थानिक ‘फार्माचिया’त, म्हणजे औषधाच्या दुकानात, मिळतं, मोजे पातळ पण लांब घाला. बॉक्सवुड या सदाहरित झुडपाची कुंपणं कुठे वाळलेली, जाळीदार दिसली तर माळ्यांना दोष देऊ नका. पूर्व आशियातून आलेल्या पतंगाच्या अळ्या ती फस्त करतात.

15 ऑगस्टला, म्हणजे फेर्रागोस्तोच्या राष्ट्रीय सुट्टीला, आणि आसपासच्या दिवसांत छोट्या गावांत खानावळी बंद असतात. खाऊ जवळ ठेवा, मात्र बागेत बसून खायला बहुतेक ठिकाणी मनाई आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी सरकारी बागांना फुकट प्रवेश असतो. तो वाचलेला पैसा रांगेत वसूल होतो, उन्हात तर दामदुपटीने. 18 वर्षांखालील मुलांना सरकारी ठिकाणी एरवीही तिकीट लागत नाही, देश कोणताही असो. वयाचा पुरावा म्हणून पासपोर्ट जवळ असू द्या.

एकाच दिवसात बसवायचं तर देस्ते. दोन दिवस असतील तर दुसरा लान्तेला, आणि तोही सोमवार सोडून.