टॉवरच्या नावाखाली माझे 67,650 रुपये गेले, त्याची हकिगत

मी एसटीत कंडक्टर होतो. तीस वर्षं डेपोत रोजची कॅश भरली, कधी पाच रुपयांची तूट आली नाही. हे आधीच सांगतो, कारण ही हकिगत ऐकली की जो तो विचारतो, "नाना, तुम्हाला कळलं कसं नाही?"

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या अंगाला. गावात रेंज नाही, फोन लावायचा तर म्हसोबाच्या टेकाडावर चढायचं. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत टॉवरचा विषय निघाला आणि तीन तास नुसता कालवा. सरपंच म्हणाले, गायरानात देऊ, सरकारी जागा आहे. वरच्या आळीला तो शाळेशेजारी हवा होता, कारण तिथं लाइट आहे. त्यावर बायका उठल्या, पोरांना रेडिएशन बाधेल म्हणून. (2012 पासून आपल्याकडे टॉवरच्या लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांश ठेवलीय, हे मला फार नंतर समजलं. त्या दिवशी सांगितलं असतं तरी ऐकून कोण घेणार होतं?) मी म्हणालो, माझं माळाचं रान घ्या, उंचावर आहे. चुलतभाऊ भर सभेत ओरडला, "भाडं खायला बघतोय!" ठराव झालाच नाही.

तो शब्द मला लागला. त्याच आठवड्यात मोबाइलवर जाहिरात दिसली, 'तुमच्या जमिनीत टॉवर, महिना 35 हजार भाडं'. रागाच्या भरात नाव-नंबर भरला. दुसऱ्या दिवशी टेकाडावर गेलो तर फोन वाजला. गोड बोलणारा पोरगा, दर वाक्याला 'काका'. "सॅटेलाइट सर्व्हेत तुमचाच गट नंबर निघालाय. 25 लाख ॲडव्हान्स, घरातल्या एकाला नोकरी." सातबारा, आठ अ, आधार, पासबुक, सगळ्याचे फोटो मागितले. मी पाठवले. वर तो म्हणाला, "काका, गावात कुणाला बोलू नका, विरोध होतो." आमच्या सभेत काय झालं ते त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. असा विरोध सगळ्याच गावांत होत असणार. मला मात्र वाटलं, याला आपलं दुखणं कळलं. बायकोलाही सांगितलं नाही.

नोंदणीचे 3,150 भरले. मग सिंहमुद्रेचं पत्र आलं, खाली 'ट्राय'ची, म्हणजे दूरसंचार नियामकाची, एनओसी. करारनाम्याचे 18,500 गेले. मजुरांच्या विम्याचे 46,000 गेले. प्रत्येक वेळी "हे परत मिळणार". शेवटी त्यानं 25 लाखांवरचा 18 टक्के जीएसटी मागितला, साडेचार लाख. एवढे कुठून आणू? सोसायटीचं कर्ज काढायचं, त्याआधी पंचायतीचा ठराव करून घ्यायचा, असा बेत करून 2 ऑक्टोबरच्या सभेत मी ते पत्र ऐटीत टेबलावर ठेवलं.

ग्रामसेवक भाऊसाहेबांनी ते दोनदा वाचलं आणि हळूच विचारलं, "नाना, जागा बघायला माणूस येऊन गेला का?" नव्हता आला. "पंचायतीकडे कंपनीचा अर्ज नाही. भाडं ते देणार, मग पैसे तुम्ही का भरताय? आणि हे खातं तर कुणातरी बाईच्या नावाचं सेव्हिंग खातं आहे." ट्राय अशी एनओसी देतच नाही, टॉवरसाठी फीही घेत नाही, हे त्यांनीच सांगितलं. दूरसंचार विभागानं याबद्दल कितीदा सूचना काढल्यात म्हणे. टॉवर उभारणाऱ्या नोंदणीकृत कंपन्यांची यादी त्या विभागाच्या साइटवर असते. मी ती बघितलीच नव्हती.

सभेत चिडीचूप. कुणी हसलं असतं तर बरं वाटलं असतं. चुलतभावानं मोटारसायकल काढली, टेकाडावरून 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन लावला आणि मग मला पोलीस ठाण्यात नेलं. हवालदार म्हणाले, पैसे गेल्या गेल्या 1930 ला कळवलं असतं तर रक्कम खात्यातच अडवता आली असती. माझा शेवटचा हप्ता अकरा दिवसांपूर्वी गेला होता. खात्यात काही उरलं नव्हतं. आता धाकधूक त्या कागदांची आहे. आधार आणि सातबाऱ्याचे फोटो अजून त्या भामट्यांकडेच आहेत. आधारचं बायोमेट्रिक पुतण्यानं लॉक करून दिलंय.

गेल्या महिन्यात पुन्हा फोन आला. आवाज दुसरा, पण 'काका' तेच. "तुमचे बुडालेले पैसे परत मिळतायत, फक्त 2,500 प्रोसेसिंग फी." मी काही बोललो नाही, फोन शेजारी बसलेल्या चुलतभावाच्या हातात दिला. त्यानं जे ऐकवलं ते इथं लिहिता येणार नाही. दोघं टेकाडावरच होतो. खाली गावात रेंज अजून नाही, आणि टॉवर गायरानात की शाळेशेजारी, हेही ठरलेलं नाही.