चवथीच्या मखरात प्लाझ्मा गोळा: वस्तू झकास, खोका थापाडा

माटोळीचं सामान आणायला शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात गेलो होतो. भाच्याला एका दुकानात काचेचा प्लाझ्मा गोळा दिसला नि तो अडून बसला, "मामा, मखरात लावूया!" सहा इंची गोळा, सांगितले ७५०, घासाघीस करून ६८० ला आणला.

खोक्यावर ठळक छापलंय: 'प्लाझ्मा रिंग एक्स-रे इफेक्ट'. ताईने ते वाचलं आणि गोळा देवासमोर नकोच म्हणाली. जन्मभर शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा समजूत घालायचं काम माझ्याकडेच आलं.

यातून क्ष-किरण निघत नाहीत. आत विरळ वायू आहे आणि काही हजार व्होल्टचा झपाट्याने उलटसुलट होणारा दाब. इलेक्ट्रॉन जरा धावला की वायूच्या अणूवर आपटतो. त्याच्याकडे रंगीत उजेड पाडण्यापुरतीच ऊर्जा साठते. दाताच्या डॉक्टरकडच्या एक्स-रे नळीत निर्वात पोकळी असते आणि साठ-सत्तर हजार व्होल्ट असतात, म्हणून तिथे जमतं. आणि 'रिंग' तर या गोळ्यात औषधालाही नाही.

प्लाझ्माची खरी रिंग, म्हणजे कडी, अमेरिकेतल्या प्रयोगशाळांत बनवली होती. एकात एक बसवलेली धातूची दोन नळकांडी, मधल्या फटीत वायूचा छोटा झोत, त्यातून विजेचा प्रचंड प्रवाह, की वायूच्या अणूंपासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि त्याचा प्लाझ्मा होतो. प्लाझ्मा स्वतःच्याच चुंबकीय क्षेत्रात गुंडाळून कडी होतो, उदबत्तीच्या धुराच्या वलयासारखा, पण घट्ट. मग दुसरा झटका देऊन चुंबकीय दाबाने तिला पुढे रेटायचं. कॅलिफोर्नियातल्या लिव्हरमोर प्रयोगशाळेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ मध्ये हे करून दाखवलं. गणित सोपं आहे: एक मिलिग्रॅम प्लाझ्मा सेकंदाला १,००० किलोमीटर वेगाने गेला तर ऊर्जा अर्धा मेगाज्यूल, म्हणजे विजेच्या एका युनिटचा सातवा भाग! बिलात दिसणारही नाही. पण कडी अचानक अडवली, तर ती सारी ऊर्जा क्षणाच्या बारीकशा तुकड्यात बाहेर पडते, प्लाझ्मा भयंकर तापतो आणि क्ष-किरण फेकतो.

अमेरिकेतल्याच आल्बुकर्क शहरातही १९९० च्या दशकात अशा कड्या पळवल्या. तिथल्या कपॅसिटरच्या (वीज साठवून एका झटक्यात सोडणाऱ्या) यंत्राचं नाव शिवा स्टार. मूळ यंत्राला चार हात, म्हणून शिवा. हे ऐकून ताई विरघळली. "शंकराचं नाव आहे होय? मग लेकाच्या मखरात चालेल."

आता गोळ्याबद्दल. काच स्वच्छ, धागे जांभळट-गुलाबी आणि छान दाट. बोट टेकवलं की सगळे धागे तिथे धावतात. ट्यूबलाइट जवळ नेली तर वायरीशिवाय उजळते; शेजारची पोरं दोन दिवस हटली नाहीत. पहिला अडॅप्टर संध्याकाळीच गेला, पण दुकानदाराने पावती न मागता बदलून दिला. सूचनांचा कागद मात्र निव्वळ चिनी. काचेवर नाणं ठेवू नका, चटका बसतो. भावोजींचा जुना रेडिओ खरखरायला लागला, तोही लांब ठेवा.

पाचपैकी चार तारे. एक कापला तो खोक्यासाठी.

मागे एक बटण आहे, त्याने गोळा आवाजावर चालतो. कागदात त्याचा उल्लेखच नाही, भाच्याला सापडलं. आरतीला घुमटावर थाप पडली की वीज नाचते आणि घुमट थांबलं की काळोख.